विमानांना बे वाटताना मीटर नको, मोकळी मिनिटे मोज

प्रश्न पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा आहे, थोडक्यात असा: "सर, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विमानांना गेट वाटून देण्याचा विषय घेतला आहे. दिवसाची ३०० विमाने, ४० गेट. प्रवाशांचे एकूण चालण्याचे अंतर कमीत कमी करायचे आहे. जेनेटिक अल्गोरिदम लिहिला, पण तो दोन-दोन तास चालतो आणि दर वेळी वेगळे उत्तर देतो. गाइड म्हणतात पिढ्या वाढव. काय करू? आणि हे पुण्याच्या विमानतळाला लावता येईल का?"

पिढ्या वाढवू नकोस. (जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे उत्तरांची यादृच्छिक सरमिसळ करत त्यांतली बरी तेवढी पुढच्या पिढीत नेणारी पद्धत.) दोन तासांचे चार तास होतील आणि उत्तर तरीही दर वेळी वेगळेच येईल. (तू 'सर' म्हणून विचारले आहेस, वयाने माझ्या मुलीएवढा असशील, म्हणून सरळ अरे-तुरेत लिहितो.) वीसेक वर्षे मी पुण्यात बसून विमानतळांसाठी हेच सॉफ्टवेअर लिहितो आहे. ऑफिसच्या गच्चीवरून लोहगावला उतरणारी विमाने दिसतात आणि पडद्यावर भलत्याच देशातले बे, म्हणजे विमाने उभी राहण्याच्या जागा, असतात. तुझी अडचण अल्गोरिदमची नाही. तू चुकीची गोष्ट कमी करायला निघालास, आणि योगायोगाने तीच सगळ्यांत अवघड निघाली.

चालण्याच्या अंतराचे असे आहे. प्रवासी दारातून आला आणि विमानात बसला, किंवा उतरला आणि सामान घेऊन बाहेर पडला, तर त्याचे अंतर फक्त त्याच्या विमानाच्या जागेवर ठरते. हिशेब सरळ. पण तो एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढणार असेल, तर अंतर दोन्ही विमानांच्या जागांवर ठरते आणि सूत्रात दोन निर्णयांचा गुणाकार शिरतो. हाच तो क्वाड्रॅटिक असाइनमेंट प्रॉब्लेम, कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ साली मांडलेला. साहनी आणि गोन्झालेझ यांनी १९७६ मध्ये दाखवले की याचे अचूक उत्तर सोडाच, हमीने जवळपासचे उत्तर काढणेही तितकेच अवघड आहे. किती अवघड? 'नग-३०' नावाचे ३० वस्तू ३० जागांवर ठेवण्याचे उदाहरण १९६८ पासून पडून होते. ते २००० साली सुटले, तेही शेकडो संगणक आठवडाभर एकत्र राबवून. तुझ्या अल्गोरिदमला दर वेळी वेगळे उत्तर मिळते, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आता विचार कर, हा गुणाकार कोणासाठी चालला आहे? दुबई, फ्रँकफर्ट, अटलांटा अशा ठिकाणी विमान बदलणारे प्रवासी लोंढ्याने असतात. पुण्यात विमान बदलणारा प्रवासी शोधावा लागतो. इथे माणूस रिक्षाने येतो आणि उडतो, किंवा उतरतो आणि रिक्षावाल्याशी भांडतो. म्हणजे पुण्यापुरता तो गुणाकार जवळजवळ शून्य आहे आणि तुझा संगणक त्या शून्यासाठी दोन तास तापतो आहे. हे उद्दिष्ट तुझ्याकडे कुठून आले तेही सांगतो. या विषयाचे जुने निबंध चालण्याच्या अंतरावरच आहेत: १९८४ मध्ये बाबिच, तेओदोरोविच आणि तोशिच, १९८५ मध्ये मंगूबी आणि मॅथायझेल. निबंधांतून ते प्रबंधांत आले आणि प्रबंधांतून प्रकल्पांत. ज्यांना शिफ्ट सांभाळायची असते, त्यांच्या तोंडून मी हा शब्द फारसा ऐकलेला नाही. त्यांची पहिली चौकशी असते: ह्यातले किती बदलावे लागेल?

त्याकडे येण्याआधी तुझ्या आकड्यांकडे बघू. निम्मे प्रकल्प इथेच फसतात.

तू ज्याला गेट म्हणतोस ते प्रवाशाचे दार. विमान उभे राहते ती जागा म्हणजे स्टँड. आपल्याकडची कामावरची माणसे 'बे' म्हणतात (पाढ्यातला नव्हे). एरोब्रिजच्या बेला एक गेट चिकटलेले असते, त्यामुळे फरक जाणवत नाही. रिमोट बेवरच्या विमानाला प्रवासी बसने जातात, आणि एकच बस-गेट लागोपाठ तीन वेगळ्या बेंवरच्या विमानांना पुरते. ही दोन वेगळी साधने आहेत. आधी बे वाट. गेट नंतर वाटता येतात आणि ते सोपे जाते.

शिवाय '३०० विमाने' म्हणजे नक्की काय? वेळापत्रकाच्या ३०० ओळी असतील तर त्यात येणारी आणि जाणारी उड्डाणे वेगवेगळी लिहिलेली आहेत. बेला उड्डाण क्रमांकाशी कर्तव्य नसते. सकाळी दिल्लीहून आलेले विमान पाऊण तासाने दुसरा क्रमांक लावून बंगळुरूला जाते. बेच्या दृष्टीने तो एकच मुक्काम. 'व्हीटी'ने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकावरून दोन ओळी जोड, म्हणजे ३०० ओळींचे साधारण १५० मुक्काम होतील. प्रश्न तिथेच निम्मा झाला.

वेळा कोणत्या घेतल्यास? तिकिटावरची सुटण्याची वेळ ही हवेत जाण्याची नसते. चाकांखालचे चॉक्स (अडवणीचे ठोकळे) निघून विमान बेवरून हलण्याची ती वेळ. पोहोचण्याची वेळही धावपट्टीला टेकण्याची नसते, बेवर येऊन थांबण्याची असते. तुला याच हव्या आहेत. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून उतरण्याच्या वेळा उचलल्या असशील, तर मधली टॅक्सीची, म्हणजे धावपट्टीवरून बेपर्यंत जमिनीवरून येण्याची, मिनिटे धरावी लागतील. आणि विमानतळाच्या यंत्रणांत घड्याळ बहुधा यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून तिथली तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, नेमकी सकाळच्या गर्दीच्या तोंडावर. माझ्या पहिल्या कामात रात्री मुक्कामाला आलेली आठ-नऊ विमाने 'येण्याआधीच गेलेली' दिसत होती. दोन दिवस मी सॉल्व्हरला (गणिती मॉडेल सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) शिव्या घातल्या.

आता मूळ प्रश्न. कर्वे रोडवरचे एखादे मंगल कार्यालय डोळ्यांपुढे आण, चार-पाच हॉल असलेले. मुहूर्त यजमानांनी आणि गुरुजींनी ठरवलेले. व्यवस्थापकाला वेळ बदलता येत नाही, फक्त हॉल ठरवता येतो. विमानांचे अगदी तसेच. सगळे हॉल सारखे असतील तर प्रश्न इतका सोपा आहे की त्याला संगणकही नको. येण्याच्या वेळेनुसार रांग लाव, प्रत्येकाला त्या वेळी मोकळा असलेला कुठलाही दे. दिवसभरात एका क्षणी जास्तीत जास्त जितकी कार्ये एकत्र चालू असतील, तितके हॉल पुरतात. एकही जास्त लागत नाही. तुझा प्रोग्रॅम हे करतो का, हे आधी तपास. गंमत म्हणजे जेनेटिक अल्गोरिदमला बरेचदा हेसुद्धा जमत नाही.

अवघडपणा येतो तो 'हे लग्न याच दोन हॉलपैकी एकात' असे सुरू झाले की. आर्किन आणि सिल्व्हरबर्ग यांनी १९८७ मध्ये हेच नेमके दाखवले: सारख्या साधनांवर ठरलेल्या वेळांची कामे बसवणे सोपे, पण प्रत्येक कामाला ठरावीकच साधने चालतात म्हटले की प्रश्न एनपी-हार्डच्या (ज्यांना दर वेळी झटपट सोडवणारी पद्धत कोणाला माहीत नाही अशा प्रश्नांच्या) घरात जातो. पण कागदावरचा एनपी-हार्ड आणि १५० मुक्कामांचा एनपी-हार्ड यांत फरक आहे. त्या शब्दाला घाबरून कोणी जेनेटिककडे पळू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन सारखे बे घे. सकाळी त्यांवर क, ख आणि ग ही विमाने उभी आहेत. क ६:४० ला बे सोडते, ख ६:५० ला, ग ७:१० ला. पुढची तीन येणार आहेत: च ७:१५ ला, छ ७:२० ला, ज ७:३५ ला. नवशिका माणूस (आणि घट्ट भरण्याची सवय लागलेला प्रोग्रॅम) आत्ताच मोकळा झालेला बे आधी वापरतो: गच्या मागे च, खच्या मागे छ, कच्या मागे ज. मधल्या फटी ५, ३० आणि ५५ मिनिटांच्या. आता उलट कर. जो बे आधी मोकळा झाला तो आधी दे: कच्या मागे च, खच्या मागे छ, गच्या मागे ज. फटी ३५, ३० आणि २५.

दोन्हींची बेरीज कर. पहिल्यात ९०, दुसऱ्यातही ९०. हा योगायोग नाही. येण्याच्या वेळांची बेरीज वजा जाण्याच्या वेळांची बेरीज, एवढेच ते आहे. कोण कोणाच्या मागे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे त्या सकाळी मोकळी मिनिटे ९०च आहेत, तू कितीही हुशार असलास तरी ९१ होणार नाहीत. तुझ्या हातात फक्त त्यांची वाटणी आहे. पहिल्या आराखड्यात ग सहा मिनिटे उशिरा निघाले की च टॅक्सीवेवर उभे, आत दीडशे माणसे उठून सामान काढायला लागलेली. दुसऱ्यात तेच ग वीस मिनिटे रेंगाळले तरी कोणाला पत्ता लागत नाही.

ही वाटणी सूत्रात कशी आणायची? फट वाढली तसा दंड कमी व्हावा, पण एकसारखा नव्हे. ५ मिनिटांवरून १५ वर जाणे लाखमोलाचे, ४५ वरून ५५ वर जाणे फुकट. सोपी युक्ती म्हणजे फटींचे वर्ग मिळवायचे आणि बेरीज लहान ठेवायची: पहिल्याची २५ अधिक ९०० अधिक ३०२५, म्हणजे ३९५०, दुसऱ्याची १२२५ अधिक ९०० अधिक ६२५, म्हणजे २७५०. बोलात यांनी २००० सालच्या सुमारास मोकळ्या वेळांमधला चढउतार कमी करण्याचे जे मॉडेल मांडले, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. बे सारखे असतील तर हा प्रश्न 'कोणाच्या मागे कोण' अशा बाणांच्या जाळ्यात किमान खर्चाचा प्रवाह म्हणून सुटतो, क्षणार्धात आणि अचूक. बे वेगवेगळे असले तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळे जाळे लागते. मग वेळ लागतो, पण जमते.

आता याच उदाहरणात एक अट घाल: ज आंतरराष्ट्रीय आहे आणि इमिग्रेशनकडे जाणारी वाट फक्त कच्या बेवरून आहे. मग जच्या वाट्याला ५५ मिनिटे आपोआप गेली, त्याला नको असताना. उरली ३५, त्यांत खच्या मागे च आणि गच्या मागे छ ठेवले तर २५ आणि १०, उलट केले तर ३० आणि ५. एक अट आली आणि सगळ्यांत लहान फट २५ वरून १० वर आली. शिफ्टवरची अनुभवी माणसे हे पाहून अशा बेला 'महाग' म्हणतात आणि शक्यतो दुसरे विमान तिथे जाऊ देत नाहीत. त्यांनी सूत्र पाहिलेले नसते.

वर्गांची युक्ती सुरुवातीला ठीक. खरे तर दंड त्या-त्या विमानाच्या सवयीवरून ठरावा. जे रोज वेळेत निघते त्याच्या मागे १५ मिनिटे पुरतात. जे दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास रखडते त्याच्या मागे ४० हवीत. इथे बहुतेक जण आणखी एक चूक करतात आणि मीही केली होती: प्रत्येक विमानाचा उशीर स्वतंत्र धरायचा, जणू प्रत्येक जण आपापल्या घरून उशिरा निघतो. तसे नसते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुके पडले की दिल्लीहून येणारी सगळीच विमाने उशिरा येतात. आता सांग, दिल्लीच्या विमानामागे त्याच बेवर कोणाला ठेवशील? सहज वाटते, वेळेवर येणारे कोणीतरी ठेवावे म्हणजे गाडी रुळावर येईल. उलट आहे. मागे दुसरे दिल्लीचेच ठेव. दोघे दोन-दोन तास उशिरा आले तर त्यांच्यातली फट साधारण तशीच राहते आणि धक्का कोणालाच लागत नाही. वेळेवर येणारे हैदराबादचे विमान मागे ठेवलेस, तर धुके नसलेल्या गावाच्या प्रवाशांनाही धुक्याची शिक्षा. एकाच बसने येणारी दोन वऱ्हाडे एकाच हॉलला लागोपाठ दिली तर रखडतो तो एकच हॉल, तसे हे.

म्हणून उशिराचे आकडे घेताना विमानावार सरासरी काढू नकोस. मागचा अख्खा दिवस उचल: १२ जानेवारीला जे जे जसे उशिरा आले तसेच्या तसे. असे शे-दोनशे दिवस घेऊन आराखडा प्रत्येकावर चालवून बघ. धुके, पाऊस, कुठल्या तरी गावची बंद धावपट्टी, सगळे त्यात आपोआप येते. तुला त्यांची नावेही माहीत असायची गरज नाही.

अटींचे लवकर सांगतो, कारण त्या त्रासदायक असल्या तरी अवघड नाहीत. पंखांच्या पसाऱ्यावरून विमानांचे वर्ग आहेत: २४ मीटरपासून ३६ च्या आतले 'सी', ३६ ते ५२ 'डी', ५२ ते ६५ 'ई', त्यापुढे ८० पर्यंत 'एफ'. एअरबस ए३२० चे पंख, टोकाला वळलेले शार्कलेट धरून, ३५.८ मीटर; ३६ च्या अलीकडे मुद्दाम थांबवलेले. सी वर्गाच्या दोन शेजाऱ्यांत किमान ४.५ मीटर मोकळे हवे, त्याहून मोठ्यांना ७.५. एटीआर-७२ चे पंख २७ मीटर, तेही सीच, पण त्याचे प्रवाशांचे दार मागे आणि खाली असते आणि उघडले की तेच शिडी होते. त्याला एरोब्रिज देणे म्हणजे वरच्या मजल्यावरून तळघरात हात मिळवणे. त्याला रिमोट बे दे.

काही मोठ्या बेंवर एक बोइंग ७७७ तरी उभे राहते, नाहीतर दोन ए३२०. आपल्या मंगल कार्यालयातही मधला सरकता पडदा ओढला की मोठ्या हॉलचे दोन होतात. इथे तीन 'बे' लिही, मधला आणि दोन्ही बाजूंचे, आणि मधला भरलेला असताना बाजूचे दोन्ही रिकामे असे बंधन घाल. रात्रीच्या मुक्कामाचे तीन तुकडे कर: प्रवासी उतरेपर्यंत, नुसते उभे राहण्याचे तास, आणि सकाळी पुन्हा प्रवासी चढण्याचा वेळ. मधल्या तुकड्यात विमान ओढून लांब नेता येते, त्याला टो-ट्रॅक्टर आणि माणसे लागतात, म्हणून त्याला खर्च लाव. शेजारच्या दोन बेंवरून एकाच वेळी पुशबॅक (विमान मागे ढकलून बाहेर काढणे) होत नसेल तर तेही धर. याशिवाय कुठेच न लिहिलेल्या अटी असतात. एका ठिकाणी आमचा आराखडा बरोबर असूनही शिफ्टचे लोक एक बे सतत टाळायचे. दोन महिन्यांनी एकाने सहज सांगितले की जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचते आणि सामानाचा पट्टा लावता येत नाही. नकाशावर पाणी दिसत नाही. तेव्हा आराखड्यात 'या विमानाला हा बे नको' असे हाताने सांगायची सोय पहिल्या दिवसापासून ठेव.

आता मॉडेल. प्रत्येक मुक्काम आणि प्रत्येक बे यांच्या जोडीसाठी एक हो-नाही चल. १५० गुणिले ४०, म्हणजे ६,०००. अपात्र जोड्या वगळल्या की बरेच कमी. प्रत्येक मुक्कामाला एकच बे. एका बेवर एका वेळी एकच विमान. ही शेवटची अट कशी लिहितोस यावर सगळा वेग आहे. तू बहुधा जोडीजोडीने लिहिशील: हे आणि ते एकत्र नकोत. मग बघ काय होते. तीन विमाने एकाच वेळी जमिनीवर आहेत. सॉल्व्हर आधी अपूर्णांक चालवून बघतो. तो तिघांना त्याच बेवर अर्धे-अर्धे बसवतो. कुठल्याही दोघांची बेरीज एक, म्हणजे तुझी प्रत्येक अट पाळली गेली, पण एका बेवर दीड विमान उभे! हे दीड विमान उसवायला त्याला पुढे हजारो फांद्या तपासाव्या लागतात. त्याऐवजी क्षण धरून लिही: ७:२० ला जमिनीवर असणारे सगळे, या बेवर त्यांची बेरीज एकापेक्षा जास्त नको. असे क्षण फक्त कोणी तरी येण्याचे घ्यावे लागतात, म्हणून एका बेमागे १५० पेक्षा जास्त अटी होतच नाहीत, आणि दीड विमानाला जागा उरत नाही. उद्दिष्ट तेच, आकडे तेच, नुसती अट लिहायची पद्धत बदलली आणि रात्रभर चाललेले काम चहा होईपर्यंत संपले, असे मी दोन-तीनदा पाहिले आहे. सीबीसीसारखा फुकट सॉल्व्हर पुरेल. नाहीतर गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट घे. त्यात प्रत्येक जोडीला एक ऐच्छिक कालखंड द्यायचा आणि बेवार 'एकमेकांवर चढू नये' म्हणायचे, क्षणांचा हिशेब तो स्वतः करतो.

उद्दिष्टे एकाच सूत्रात मिसळून त्यांना ०.३, ०.५ अशी वजने लावू नकोस. तोंडी परीक्षेत ०.३ का, असे विचारले तर उत्तर नसेल. पायऱ्या कर. आधी बे न मिळालेली विमाने कमीत कमी. तो आकडा बांधून ठेवून मग फटींचा दंड कमी. तो एक-दोन टक्के सैल ठेवून मग बसऐवजी एरोब्रिज मिळणारे प्रवासी जास्तीत जास्त. चालण्याचे अंतर हवेच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि सरळ हिशेबाचे. दर पायरीला सॉल्व्हर सांगतो की याहून चांगले उत्तर जास्तीत जास्त इतकेच चांगले असू शकते. ही मर्यादा जेनेटिक कधीच सांगत नाही, आणि दर वेळी वेगळ्या येणाऱ्या उत्तरांपैकी कोणते ठेवायचे हे त्यामुळेच तुला कळत नव्हते.

आराखडा झाला, दिवस सुरू झाला. इथे माझी फजिती सांगतो. ठिकाणाचे नाव नको. आम्ही सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी नव्याने सोडवायला लावले होते, मोठ्या अभिमानाने. पहिल्याच सकाळी एका विमानाचा बे दीड तासात चार वेळा बदलला. दर वेळी उत्तर आधीपेक्षा किंचित चांगलेच होते! सामानाचे पट्टे, शिड्या, केटरिंगची गाडी, सगळे ॲप्रनवर (विमाने उभी राहतात त्या आवारात) इकडून तिकडे. साडेनऊला ड्युटी मॅनेजरने ते बंद केले. मला चहा देऊन शांतपणे एवढेच सांगितले की यंत्र हुशार आहे, पण त्यांच्या माणसांना पाय दोनच आहेत.

तेव्हापासून बदल हाच खर्च धरतो. शेजारच्या बेवर गेले तर थोडा, दुसऱ्या टोकाला गेले तर भरपूर, आणि प्रवासी गेटपाशी बसलेले असतील तर त्याहून कितीतरी जास्त. येण्याआधीच्या शेवटच्या तासाभरात बदल बंद, टक्कर होणार असेल तरच उघडायचा. पुणे स्टेशनवर गाडी यायच्या वेळी 'प्लॅटफॉर्म क्रमांक दोनऐवजी पाचवर येत आहे' ही घोषणा ऐकून जिन्याकडे धावलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुण्याला लागू होईल का, याचे उत्तर: होईल, पण तुझा प्रश्न बदलेल. लोहगाव हा १९३९ पासूनचा हवाई तळ. प्रवासी विमाने वापरतात ती धावपट्टी एकच, अडीच किलोमीटरची, आणि ती हवाई दलाची. नागरी टर्मिनल तिच्या कडेला आहे. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल वापरात आले, तेव्हा इमारत मोठी झाली, धावपट्टी तेवढीच राहिली. म्हणून इथे विमाने येण्याची लय बे ठरवत नाही, धावपट्टी ठरवते. ती काही काळ थांबून पुन्हा खुली झाली की आकाशात आणि जमिनीवर साठलेली विमाने एका मागोमाग येतात, आणि तुझ्या ३५-३०-२५ च्या फटी त्या अर्ध्या तासात संपतात. वर्गांची भानगड मात्र इथे कमी आहे: बहुतेक विमाने सी वर्गाची, मोठ्या पोटाची जवळपास नाहीत. थोडे बे, जवळजवळ सारखी विमाने आणि गठ्ठ्याने येणारा उशीर. चालण्याच्या अंतराचे मॉडेल इथे निरुपयोगी आहे आणि फटींचे मॉडेल अगदी फिट्ट.

आकडे खरेच हवेत. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढते आणि त्यात मोठ्या विमानतळांवरचा वेळेवरपणा असतो. सुरुवातीला उशिराचा अंदाज त्यावरून बांध. मग महिनाभर रोजच्या येण्या-जाण्याच्या खऱ्या वेळा स्वतः टिपून ठेव. त्यावर तीन आराखडे चालव: आधी मोकळा झालेला बे आधी देणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम, वरचे पायऱ्यांचे मॉडेल, आणि तुझा जेनेटिक. प्रत्येक दिवशी किती विमाने बे मोकळा होण्याची वाट बघत थांबली आणि किती बे बदलावे लागले, एवढे दोनच रकाने भर. दहा ओळींचा प्रोग्रॅम तुझ्या दोन तासांच्या जेनेटिकला हरवेल असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर ते लपवू नकोस, तोच तक्ता प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घाल आणि गाइडना दाखवताना पिढ्या किती होत्या तेही लिही.